पिंजऱ्यावरच्या कार्डाला नावं ठेवणाऱ्यांनो, जरा इकडे या

पिंजरेवाली:
शून्यकागद यांनी काल लिहिलं, "ज्या लॅबमध्ये उंदरांची कॉलनी अजून कागदी कार्डं आणि एक्सेलवर चालते, तिला प्राण्यांवर काम करायची परवानगीच देऊ नये." रात्रभर डोक्यात घोळत होतं. अहो, आत जाताना दुहेरी हातमोजे, एका हातात धडपडणारा उंदीर आणि टॅबलेट प्लास्टिकच्या पिशवीत. स्क्रीन बोटाला दाद देत नाही. कार्ड पिंजऱ्याबरोबर हलतं, त्याला चार्जिंग लागत नाही. आम्ही सॉफ्टवेअर घेतलं तेव्हा आठ महिने दोनदा लिहिलं: आत कार्डावर, बाहेर येऊन संगणकावर. चुकाही दुप्पट.

शून्यकागद:
परवानगीचं जरा जास्त झालं असेल. बाकी शब्द मागे घेत नाही. आमच्याकडेही कार्डावर जन्मतारीख व्यवस्थित होती, फक्त ती बघणारा रजेवर होता. मादी व्यायली की चोवीस तासांत पुन्हा नर घेते, गर्भ १९ ते २१ दिवसांचा. म्हणजे पहिली पिल्लं २१व्या दिवशी वेगळी करायची, तोवर दुसरी वीण हजर. पिंजरा उघडला तर थोरल्यांनी धाकटी तुडवलेली. सॉफ्टवेअरने आधीच बोंब मारली असती. आणि एक्सेलचं कौतुक मला सांगू नका. सेप्ट२ हे जनुक लिहा, २ सप्टेंबर करून देतं. त्यापायी २०२० मध्ये माणसाच्या जनुकांची नावं बदलावी लागली!

लंबकर्ण:
दोघंही मुद्दा सोडून बोलताय. नोंद कुठेही करा, समोरचा उंदीर कोणता हे कळतंय का? कानातला बिल्ला गळून पडला की तुमचं सॉफ्टवेअर आणि यांचं कार्ड, दोन्ही आंधळी. आमच्याकडे एका पिंजऱ्यात तीन बिनबिल्ल्याचे निघाले. पुन्हा जीनोटायपिंग, म्हणजे कुणात कोणतं जनुक आहे याची डीएनए तपासणी.

भोकपंथी:
बिल्ला लावावाच कशाला? कान सुजतात. कानाला भोक पाडा, कोणत्या कानाला किती भोकं यावरून उंदराचा नंबर कळतो. निघालेला तुकडा जीनोटायपिंगला, एका टोच्यात दोन कामं.

लंबकर्ण:
आणि मारामारीत कान फाटला की १ चा २ होतो, त्याचं काय?

शून्यकागद:
म्हणून कातडीखाली नंबराची चिप बसवा म्हणतोय मी.

भोकपंथी:
पिल्लाच्या अंगात ती जाडजूड सुई तुम्ही टोचा. मी नाही.

लंबकर्ण:
एमआरएल जातीच्या उंदरांत तर ओळखीसाठी पाडलेली भोकं महिनाभरात भरून आली. त्यावर १९९८ मध्ये शोधनिबंध झाला. तुमच्या पद्धतीचं सगळ्यात मोठं यश हेच, की ती फसली!

भोकपंथी:
टोमणा पोचला. आमचे एमआरएल नाहीत.

पिंजरेवाली:
धागा माझा होता, आठवण करून देते. विणीच्या इशाऱ्याचं मान्य, तेवढं सॉफ्टवेअर घ्या. कार्ड मी काढणार नाही. बाकी भोकपंथी, तुमचा डावा कान म्हणजे उंदराचा डावा ना?

भोकपंथी:
नाही, बघणाऱ्याचा.

लंबकर्ण:
बोंबला. मागच्या वर्षी तुमच्याकडूनच बारा उंदीर घेतलेत आम्ही.