मदत हवी आहे: ए-लेव्हलला ग्रेड कमी, ट्रेनी सॉलिसिटरचे अर्ज कसे भरावेत?

नमस्कार मंडळी,

आम्ही इंग्लंडात रेडिंगला असतो. लेक लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि सध्या ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टचे (सॉलिसिटर, म्हणजे वकील होण्याआधी फर्ममध्ये करायच्या उमेदवारीचे) फॉर्म भरतेय. २०२३ च्या ए-लेव्हलला (इथल्या बारावीला) तिला इतिहासात बी, केमिस्ट्रीत सी आणि मॅथ्समध्ये डी मिळाली. लॉला प्रवेश क्लिअरिंगमधून (उरलेल्या जागांच्या फेरीतून). तिथे मात्र गाडी रुळावर आली. सरासरी ६७-६८ आहे, त्यामुळे टू-वन (वरचा सेकंड क्लास) धरून चालायला हरकत नाही.

त्या बॅचचं तुम्हाला ठाऊकच असेल. २०२१ ला कोविडमुळे जीसीएसईच्या (इथल्या दहावीच्या) ग्रेड शिक्षकांनीच दिल्या, त्यामुळे या पोरांची पहिली मोठी परीक्षा थेट ए-लेव्हल, आणि नेमकं त्याच वर्षी इंग्लंडात ग्रेडिंग पुन्हा कोविडआधीच्या, २०१९ च्या पातळीवर आणलं. त्यात ऐन परीक्षेच्या तोंडावर तिच्या बाबांची बायपास झाली. कागदपत्रं सगळी आहेत.

लंडनच्या मोठ्या फर्म्स सरळ एएबी (दोन ए, एक बी) मागतात. फॉर्मवर एकेका विषयाची ग्रेड यादीतून निवडायची, डी निवडला की पुढचं निबंधाएवढं उत्तर कोण वाचणार? एकीकडून तर रात्री पाठवलेल्या अर्जाला सकाळच्या चहाआधी नकार आला.

विशेष परिस्थितीसाठी चौकट असते, तिथे बायपासचं लिहावं का? लेकीला ते रडगाणं वाटतं. ह्यांचं म्हणणं, मॅथ्स पुन्हा दे. मला ते काही पटत नाही. आणि मोठ्या फर्म्सचा नाद सोडून एसक्यूईच्या (सॉलिसिटर होण्यासाठीच्या परीक्षेच्या) वाटेने जावं का?

लीड्सवाला
ताई, मॅथ्स पुन्हा अजिबात नको. ते महिने कुठल्याही वकिलाच्या ऑफिसात जास्त कामी येतील.

चौकट मात्र रिकामी सोडू नका. तीन-चार ओळी पुरे: काय झालं, कोणत्या महिन्यात, कागद आहेत, आणि त्यानंतरचे युनिव्हर्सिटीचे मार्क. शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. ‘मला खूप त्रास झाला’ छापाचं काही नको. ग्रेड जशा आहेत तशाच लिहा, ऑफरनंतर सर्टिफिकेटं तपासतात आणि या पेशात खोटेपणा कायमचा नडतो.

प्राजक्ता_बर्मिंगहॅम
बऱ्याच मोठ्या फर्म्स रेअर कंपनीची कॉन्टेक्स्चुअल पद्धत वापरतात. त्यात तुमच्या ग्रेड तुमच्याच शाळेच्या सरासरीशी ताडून बघतात. रेडिंग म्हणालात म्हणून विचारते, लेक ग्रामर स्कूलची (परीक्षा घेऊन प्रवेश देतात त्या शाळेची) का? तिथल्या सरासरीपुढे बीसीडी आणखीच फिकी दिसेल. साध्या शाळेची असेल तर ते प्रश्न कंटाळा न करता भरा.

धागाकर्ती
नाही हो, घराजवळची साधी कॉम्प्रिहेन्सिव्ह. तो भाग तिने ‘ऐच्छिक’ बघून सोडून दिला होता!

लीड्सवाला
भरायला लावा 🙂

आता एसक्यूई. २०२१ पासून ही वाट आहे आणि तिथे ए-लेव्हलच्या ग्रेडची अट नाही. पदवी, एसक्यूईचे दोन्ही भाग, चारित्र्याची तपासणी आणि दोन वर्षांचा क्वालिफाइंग वर्क एक्स्पीरियन्स. हा अनुभव जास्तीत जास्त चार ठिकाणी मिळून चालतो, पॅरालीगलची (वकिलाच्या मदतनिसाची) नोकरीही धरतात. पहिल्या भागात १८०-१८० प्रश्नांचे दोन पेपर असतात, दुसऱ्यात लेखी-तोंडी कामं. फीच साडेचार हजार पौंडांच्या वर जाते, क्लासचे वेगळे. ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट मिळालं तर हा खर्च सहसा फर्म उचलते, म्हणून ते अर्जही चालू ठेवा. फक्त रोख बदला: जिथे एएबीची पक्की अट आहे तिथे वेळ घालवू नका. घरखरेदी, कौटुंबिक, इमिग्रेशन असली कामं करणाऱ्या गावोगावच्या फर्म्स बघा. तिथे ग्रेडपेक्षा फाईल सांभाळता येते का, क्लायंटशी फोनवर धड बोलता येतं का, हे विचारतात. मी अशाच ठिकाणी पॅरालीगल होतो, पुढे तिथेच ट्रेनी झालो.

धागाकर्ती
ती युनिव्हर्सिटीच्या लॉ क्लिनिकमध्ये (मोफत कायदेशीर सल्ला केंद्रात) भाडेकरूंच्या केसेस बघते. ते त्या दोन वर्षांत धरतात का?

प्राजक्ता_बर्मिंगहॅम
धरतात, बिनपगारी असलं तरी. फक्त खरंखुरं कायदेशीर काम हवं आणि सॉलिसिटरची सही हवी. कोणत्या आठवड्यात काय केलं याची वही आजपासून ठेवायला सांगा, क्लायंटची नावं न लिहिता. आणि तिथले सुपरव्हायझर नोकरी बदलायच्या आत सही घ्या. माझे बदलून गेले आणि मी महिनाभर लिंक्डइनवर त्यांना शोधत बसले होते.