मदत हवी आहे : एट्रियल फिब्रिलेशन, वय ७८, हिमोग्लोबिन घसरले, रक्त पातळ करणारी गोळी थांबवावी का?

नमस्कार. माझी आई ७८ वर्षांची असून साताऱ्याला धाकट्या भावाकडे राहते. २०२१ मध्ये तिची अँजिओप्लास्टी झाली. दोन वर्षांपूर्वी धडधड होते म्हणून ईसीजी काढला, त्यात एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाची अनियमित लय, ज्यात गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका असतो) निघाले आणि तेव्हापासून तिला अपिक्साबॅन ही रक्त पातळ करणारी, म्हणजे गुठळीविरोधी गोळी ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा चालू आहे. अँजिओप्लास्टीपासूनची ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिनही अद्याप चालू आहे. ती बंद करा असे कोणी सांगितले नाही आणि खरे सांगायचे तर आम्हीही कधी विचारले नाही. रक्तदाब औषधावर १४० ते १५० च्या घरात असतो. मधुमेह नाही, हृदयाच्या झडपाही ठीक आहेत.

मागील महिन्यात तिचे हिमोग्लोबिन ११.८ वरून ९.६ वर आलेले आढळले. खोदून विचारल्यावर, शौचास आठ-दहा दिवस काळे होत होते, असे तिने सांगितले. लोहाच्या गोळ्यांनीही तसे होते हे मला माहीत आहे, परंतु त्या गोळ्या नंतर सुरू झाल्या. एंडोस्कोपीत जठरात एक लहान व्रण दिसला. त्यातून त्या वेळी रक्त वाहत नव्हते. मग हेही उघड झाले की गुडघेदुखीसाठी ती कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणून घेत होती आणि दुखण्याची साधी गोळी म्हणून तिने ते कोणत्याच डॉक्टरांच्या कानावर घातले नव्हते.

आता घरात दोन तट पडले आहेत. भावाचे म्हणणे असे की अपिक्साबॅन बंद करून सौम्य म्हणून नुसती ॲस्पिरिन ठेवावी. मामांच्या घरी पक्षाघाताचा रुग्ण असल्याने ते गोळी थांबवायला अजिबात तयार नाहीत. आमचे नेहमीचे डॉक्टर अर्धी मात्रा, म्हणजे २.५ मिलिग्रॅम दोनदा, सुचवतात.

मी स्वतः रक्तस्रावाचा धोका मोजणारा हॅझ-ब्लेड गुणांक मांडून पाहिला. वय ६५ च्या वर असल्याचा एक, रक्तस्राव व पंडुरोगाचा एक, ॲस्पिरिन-डायक्लोफिनॅकचा एक असे तीन गुण झाले, आणि तीन म्हणजे जास्त धोका. वरचा रक्तदाब १६० च्या आत असल्याने त्याचा गुण धरला नाही. मात्र गुठळीचा धोका मोजणाऱ्या गुणांकातही वयाचे दोन, रक्तदाबाचा एक आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराचा एक असे चार गुण होतात. ज्या वयामुळे गोळी हवी, त्याच वयामुळे ती धोक्याची ठरत असेल, तर या तिनाचा अर्थ काय लावायचा? आणि वजन ५४ किलो, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्तचाचणी) १.२ असताना मात्रा कमी करणे योग्य आहे का?

प्रतिसाद

मी फिजिशियन आहे, पण आपल्या आईंना तपासलेले नाही. त्यामुळे हे त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांशी बोलताना विचारायचे मुद्दे समजावेत, आणि त्यांना विचारल्याशिवाय कोणतीही गोळी बंद किंवा कमी करू नये.

हॅझ-ब्लेड गोळी थांबवण्यासाठी वापरायचा नाही. रक्तस्रावाच्या गुणांकावरून असा निर्णय घेऊ नये, असे २०२४ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचना स्पष्ट म्हणतात. गुण कशामुळे आले आणि त्यांतले काय बदलता येते, हे पाहायचे. वय बदलत नाही. आपल्या तिनांपैकी औषधांचा गुण मात्र पुसता येण्यासारखा आहे.

डायक्लोफिनॅक बंद व्हायलाच हवे. ॲस्पिरिनबद्दल आवर्जून विचारा. अँजिओप्लास्टीला वर्ष उलटून प्रकृती स्थिर असेल, तर बहुतेक रुग्णांत गुठळीविरोधी गोळी एकटी पुरते. २०१९ च्या जपानमधील अफायर चाचणीत रिव्हारोक्साबॅन (अपिक्साबॅनच्याच गटातले औषध) एकटे घेणाऱ्यांत, सोबत ॲस्पिरिनसारखी गोळीही घेणाऱ्यांपेक्षा, रक्तस्राव आणि मृत्यू दोन्ही कमी दिसले. भावाचा पर्याय मला नेमका उलटा वाटतो. २०११ च्या ॲव्हेरोज चाचणीत अपिक्साबॅन आणि ॲस्पिरिन यांची थेट तुलना झाली. पक्षाघात व अन्यत्र गुठळी अडकणे यांचे प्रमाण वर्षाला ॲस्पिरिनवर ३.७ टक्के आणि अपिक्साबॅनवर १.६ टक्के होते, तर मोठ्या रक्तस्रावात लक्षणीय फरक नव्हता. ॲस्पिरिनची सौम्यता ही बव्हंशी सवयीने आलेली समजूत आहे.

मात्रा कमी करण्यासाठी वय ८० किंवा अधिक, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा अधिक या तिनांपैकी दोन गोष्टी लागतात. आईंच्या बाबतीत केवळ वजन बसते. क्रिएटिनिन १.२ निर्धोक दिसते, परंतु वय व वजन धरून मूत्रपिंडाची गाळण मिनिटाला सुमारे ३३ मिलिलिटर येते, म्हणून ती तीन-चार महिन्यांनी पुन्हा तपासावी. भीतीपोटी अर्धी केलेली मात्रा गुठळीपासून पुरेसे संरक्षण देईल याची खात्री नसते. व्रणासाठी आम्ल कमी करणारी गोळी चालू आहे का, आणि जठरात व्रण करणाऱ्या हेलिकोबॅक्टर जंतूची तपासणी झाली का, हेही पाहा. पुन्हा काळे शौच झाले, चक्कर आली किंवा रक्ताची उलटी झाली, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार, डॉक्टर. गुरुवारी तज्ज्ञांची वेळ मिळाली आहे, तोवर गोळ्यांत काहीही बदल करणार नाही. डायक्लोफिनॅकची पाकिटे मात्र काल आईच्या डब्यातून काढली. आम्ल कमी करणारी गोळी चालू आहे, जंतूची तपासणी झालेली नाही. एकच विचारतो : आई म्हणते, गुडघ्याचे काय करू? पॅरासिटामॉलने भागत नसेल, तर गुडघ्याला वरून लावायचे डायक्लोफिनॅकचे मलम तरी चालेल का, की तेही त्याच हिशेबात धरायचे?