फॉस्टर केअर संस्थेचा 'रॅप': काम की देखावा?

शमी_मेलबर्न
मी मेलबर्नच्या एका फॉस्टर केअर संस्थेत काम करते. ज्या मुलांना आईबापांजवळ ठेवता येत नाही, त्यांना दुसऱ्या घरी ठेवणं हे आमचं काम. गेल्या महिन्यात आमचा नवा रॅप, म्हणजे रिकन्सिलिएशन अ‍ॅक्शन प्लॅन, इथल्या मूळनिवासींशी (अ‍ॅबोरिजिनल लोकांशी) सलोख्याचा आराखडा, मंजूर झाला. केक कापला, रिसेप्शनमध्ये अ‍ॅबोरिजिनल चित्र लागलं. त्याच दुपारी मी तीन अ‍ॅबोरिजिनल मुलांचे कल्चरल प्लॅन उघडले, म्हणजे मूल आपल्या समाजाशी जोडलेलं कसं राहील याच्या योजना. मुलं तीन, त्यांचे समाज तीन, भाषा तीन. तिन्हींत ओळ मात्र एकच: 'नेडॉक वीकच्या (मूळनिवासी संस्कृतीच्या वार्षिक सप्ताहाच्या) कार्यक्रमाला नेणार.' एकात तर आधीच्या मुलाचं नाव बदलायचंही राहून गेलेलं.

१९९७ च्या 'ब्रिंगिंग देम होम' अहवालाचा अंदाज होता की साधारण १९१० ते १९७० या काळात दर तीन ते दहा अ‍ॅबोरिजिनल मुलांमागे एकाला सरकारी धोरणाखाली घरातून जबरदस्तीने उचललं गेलं. २००८ मध्ये पंतप्रधान रड यांनी त्याबद्दल संसदेत माफी मागितली. आणि आज? ऑस्ट्रेलियातल्या एकूण मुलांत अ‍ॅबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट आयलँडर मुलं साधारण सहा टक्के, पण सरकारी देखरेखीखाली घराबाहेर राहणाऱ्या मुलांत चाळीस टक्क्यांच्या वर.

माझं मत: संस्थेने रॅप मिरवण्याआधी दोन आकडे सांगावेत. किती मुलं नातलगांकडे राहतात, आणि किती मुलांची जबाबदारी अ‍ॅबोरिजिनल संस्थांकडे सोपवली. व्हिक्टोरियाच्या २००५ च्या कायद्यातलं कलम १८ तशी सोय देतं, आणि १९७७ पासून काम करणारी व्हॅका ही अ‍ॅबोरिजिनल बालकल्याण संस्था ती जबाबदारी घेतेही. पण मूल सोपवलं की आमचं अनुदान कमी होतं, म्हणून केक कापणं सोपं.

मंदा_केअरर
शमी, पटलं नाही. मी चार वर्षं केअरर आहे, अशी मुलं माझ्या घरी ठेवते. रात्री अकराला दारात मूल येतं, हातात प्लास्टिकच्या पिशवीत दोन टी-शर्ट. त्या वेळी त्याला गरम दूधभात आणि लावून ठेवलेला दिवा लागतो. नातलग शोधायला आठवडे जातात, तोवर पोराने कुठे राहायचं? तुमच्या संस्था लहान झाल्या तर रात्री फोन कोण उचलणार, तेही सांग.

शमी_मेलबर्न
मंदाताई, रात्री अकराच्या मुलाबद्दल वाद नाहीच. वाद आहे दोन वर्षांनंतरही तुमच्याकडेच असलेल्या मुलाचा. अ‍ॅबोरिजिनल मुलांना कुठे ठेवायचं याच्या चाइल्ड प्लेसमेंट प्रिन्सिपलमध्ये क्रम स्पष्ट आहे: आधी नातलग, मग समाजातलं घर, मग इतर. आजी तयार असते, पण तिच्या घरात खोली कमी म्हणून अर्ज अडतो. खोली वाढवायला पैसे नाहीत, आम्हाला मात्र ट्रेनिंगसाठी आहेत.

खडूस_सिडनीकर
एक अप्रिय प्रश्न. आपण आलो २०१२ ला. त्यांची मुलं आपण उचलली नाहीत. २०२३ च्या सार्वमतात साठ टक्के लोकांनी 'व्हॉइस'ला, म्हणजे संसदेला सल्ला देणाऱ्या मूळनिवासींच्या मंडळाला, नकार दिला, म्हणजे इथल्यांनाच हे सगळं नकोय. प्रत्येक झूम मीटिंगआधीची ती अ‍ॅक्नॉलेजमेंट, 'ही जमीन मूळनिवासींची' असं म्हणायची, सत्यनारायणाच्या संकल्पासारखी झाली आहे. गुरुजी पुटपुटतात, यजमान मोबाइल बघतो.

सोलापूरकर
खडूसराव, उपमा आवडली, निष्कर्ष नाही. आमच्या गावात सेटलमेंट नावाचा भाग आजही आहे. १८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्ज कायद्याने अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, त्यांना अशा सेटलमेंटमध्ये डांबलं, पुढे त्यात मुलं आईबापांपासून वेगळी करायची तरतूद आली. कायदा गेला १९५२ मध्ये, शिक्का अजून आहे. तेव्हाही फायलीत शब्द 'सुधारणा' हाच होता. म्हणून 'मुलाच्या भल्यासाठी' असं कुणी म्हटलं की मी दोनदा वाचतो.

खडूस_सिडनीकर
तुलना ओढूनताणून वाटते. तिथे शिक्षा होती, इथे मारहाणीतून सोडवलेली मुलं आहेत.

सोलापूरकर
काही आहेत, मान्य. पण घर तोकडं, फ्रिज रिकामा, हेही 'दुर्लक्ष' म्हणूनच नोंदवलं जातं. गरिबी आणि मारहाण एकाच रकान्यात टाकायची का?

मंदा_केअरर
थोडं माझ्याविरुद्धच लिहिते. आणि शमी, थोडं तुझ्याही, कारण ट्रेनिंग म्हणजे केकच असं नाही. माझ्याकडचा मुलगा तीन बायकांना 'मम' म्हणायचा. मी मासिक नोंदीत लिहिलं: 'आई कोण, याबद्दल गोंधळलेला.' नंतरच्या ट्रेनिंगला एक अ‍ॅबोरिजिनल बाई शिकवायला होत्या. त्या म्हणाल्या, आमच्यात आईच्या बहिणीही आयाच. मी सांगलीच्या वाड्यात वाढलेली, मोठ्या काकूला जन्मभर 'मोठी आई' म्हणत आले! आधी हसू आलं, मग मान खाली गेली. न्यूझीलंडच्या माओरी नर्स इरिहापेटी राम्सडेन यांचं म्हणणंही त्यांनीच सांगितलं: सेवा सुरक्षित होती की नाही, हे घेणाऱ्याने ठरवायचं, देणाऱ्याने नाही.

शमी_मेलबर्न
ताई, हे माहीत नव्हतं. ट्रेनिंगबद्दलचं माझं वाक्य मागे घेते, पैशांबद्दलचं नाही. ती नोंद मग दुरुस्त झाली का?

मंदा_केअरर
नाही गं. अजून तशीच आहे. पुढच्या कोर्ट रिपोर्टमध्येही तेच वाक्य उतरलंय. सोमवारी सकाळी केसवर्करला फोन लावते.