मदत हवी आहे: स्ट्रीट फायटर ६ – कॉम्बो येतात, पण सामन्यात लावायला मिळत नाहीत

नमस्कार मंडळी,

इथे स्ट्रीट फायटर ६ मनापासून खेळणारं कोणी असेल तर मार्गदर्शन हवं आहे. मी प्लेस्टेशन ५ वर खेळते. कंट्रोलर सोबत आलेलाच, क्लासिक कंट्रोल्स (खास चाली दिशा फिरवून हाताने काढायच्या), पात्र र्‍यू. वय ३९. लहानपणी गावातल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये मुलींनी जायची पद्धत नव्हती, त्यामुळे हे फायटिंग गेम प्रकरण माझ्यासाठी खरोखरच कोरं आहे. गेम २०२३ च्या जूनमध्ये आला, मी यंदा घेतला आणि पुरती रमले आहे. रँक्डमध्ये (क्रमवारीच्या सामन्यांत) ब्राँझ या खालच्या पातळीला आहे आणि बरेच दिवस तिथेच आहे.

रात्री घर शांत झालं की साधारण तासभर मिळतो. तो मी आतापर्यंत कॉम्बो ट्रायल्सना, म्हणजे सलग फटके जोडण्याच्या सरावाला, दिला. नवशिक्यांसाठीच्या सगळ्या आणि मधल्या पातळीच्या बऱ्याचशा ट्रायल्स पूर्ण होतात. पण सामन्यात ते कॉम्बो सुरू करायची संधीच मिळत नाही. समोरचा सतत उड्या मारत अंगावर येतो आणि माझं शोर्युकेन, म्हणजे वर झेपावणारा गुद्दा, तो जमिनीवर उतरल्यावर निघतं. दुसरं म्हणजे ड्राइव्ह इम्पॅक्ट. तो रंग उधळत येणारा फटका डोळ्यांना दिसतो, बोटं मात्र हलत नाहीत. आणि तिसरं, मी नीट ब्लॉक करते, पण ब्लॉक केल्यावर आता मारायचं की थांबायचं हे कळत नाही. फ्रेम डेटाचे (कोणत्या चालीला किती वेळ लागतो याचे) तक्ते पाहिले, आकडे समजतात, पण सामन्यात त्यांचं काय करायचं ते उमगत नाही.

रोजच्या तासात नेमकं काय करावं? मॉडर्न कंट्रोल्स (खास चाली एका बटणाने निघणारे) घ्यावेत का? आणि या वयात रिफ्लेक्सेस सुधारतात का? ‘मजा म्हणून खेळा’ असं कृपया सांगू नका. मजा येतेच आहे, मला चांगलं खेळायचंय.

प्रतिसाद १

ताई, कॉम्बो ट्रायल्स काही आठवडे पूर्ण बंद ठेवा. एक छोटा कॉम्बो पुरे: खाली बसून मध्यम जोराची लाथ, तिथून हाडोकेन (हातांतून सुटणारा ऊर्जेचा गोळा). तुमचं नुकसान होतंय ते उड्यांमुळे, म्हणून आधी तेवढंच हातात घ्या.

थोडं गणित मांडतो. गेम सेकंदाला ६० फ्रेम्सवर, म्हणजे ६० चित्रांवर, चालतो. एक उडी, पाय सुटण्यापासून उतरून सावरेपर्यंत, साधारण ४५ फ्रेम्सची, म्हणजे पाऊण सेकंद. माणसाला डोळ्यांनी बघून बटण दाबायला पाव सेकंदाच्या आसपास लागतो, म्हणजे १५ फ्रेम्स. तेव्हा वेळ आहे, भरपूर आहे. तरीही उडी चुकते, कारण त्या क्षणी तुमच्या डोक्यात दुसरंच काहीतरी चालू असतं: पुढचा कॉम्बो, आपली लाइफ, समोरचा आता काय करेल. ज्याची वाट बघत असतो त्याला हात लगेच उत्तर देतो. ज्याची वाट बघत नसतो त्याला दुप्पट वेळ लागतो.

म्हणून उडी येण्याची वाट बघू नका, ती तुम्हीच मागवा. र्‍यू त्यासाठीच बनलेला आहे. लांबून हाडोकेन सोडलं की समोरच्यापुढे मोजकेच मार्ग उरतात: ब्लॉक, पॅरी (फटका झेलून निष्फळ करणं) किंवा वरून उडी. ब्राँझमधली बहुतेक मंडळी दुसऱ्या-तिसऱ्या हाडोकेनला उडतातच. आता ती उडी तुम्हाला आधीच माहीत आहे! अंतर मात्र सांभाळा. हाडोकेन सोडल्यावर र्‍यू काही क्षण मोकळा नसतो. एका उडीत डोक्यावर येता येईल इतक्या जवळून सोडलंत तर त्याचा पूर्ण कॉम्बो खाल. त्या अंतराच्या जरा बाहेर उभं राहायचं, एक सोडायचं, आणि लगेच नजर समोरच्याच्या पायांवर. स्वतःच्या र्‍यूकडे बघू नका, तो कुठे आहे ते तुम्हाला ठाऊकच असतं.

शोर्युकेन वेळेवर निघत नसेल तर सध्या ते सोडून द्या आणि खाली बसून जोराचा गुद्दा वापरा. वर जाणारा फटका आहे, एकच बटण. नुकसान कमी होतं, पण ‘उडी मारली की मार बसतो’ हे समोरच्याला कळलं की तो जमिनीवर खेळायला लागतो. तुमचा खरा सामना तिथून सुरू होईल.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी शंभर टक्के सहमत. त्यात ट्रेनिंग मोडची भर घालतो, कारण तो विभाग लोक फक्त कॉम्बोसाठी उघडतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. इतकं चांगलं ट्रेनिंग मोड फार थोड्या गेम्सना मिळालंय.

समोरच्या डमीची (सरावासाठी उभ्या पात्राची) हालचाल तुम्ही स्वतः रेकॉर्ड करू शकता. एका स्लॉटमध्ये डमी नुसता पुढे-मागे चालू दे. दुसऱ्यात थोडं चालून पुढे उडी मारून लाथ. तिसऱ्यात ड्राइव्ह इम्पॅक्ट. मग प्लेबॅक रँडमवर ठेवा आणि तुम्ही हाडोकेन टाकत राहा. आता पुढे काय येणार ते तुम्हालाही माहीत नाही. नुसता उड्या मारणारा डमी काही शिकवत नाही, कारण तिथे प्रश्न एकच असतो. ओळखायला शिकायचंय, म्हणून प्रश्न बदलता हवा. दहा-पंधरा मिनिटं पुरतात, त्याहून जास्त केलं तर डोकं थकतं आणि हात आपोआप चालायला लागतात.

ड्राइव्ह इम्पॅक्टबद्दल: तो लागायला २६ फ्रेम्स घेतो, अर्ध्या सेकंदाहून थोडं कमी. उत्तर म्हणून आपलाही ड्राइव्ह इम्पॅक्ट दाबायचा. उशिरा निघालेला जिंकतो, कारण इम्पॅक्टला चिलखत असतं, तुमचं चिलखत त्याचा फटका झेलतं आणि मग तुमचा फटका त्याला बसतो. जवळ असाल तर थ्रोही (पकडून फेकणं) चालतो, चिलखत थ्रोला अडवत नाही. बहुतेक जण इम्पॅक्ट कधी खातात, माहितीये? स्वतः बटणं दाबत असताना. दोन-तीन लांबलचक फटके ओळीने मारले की तुम्ही अडकलेल्या असता आणि तो मधूनच घुसतो. त्यामुळे कमी बटणं दाबणं हाच यावरचा अर्धा इलाज आहे.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! ‘उडी मागवायची’ हे वाचून एकदम काहीतरी उलगडलं. मी हाडोकेन मारायला सोडत होते, आणि लागलं नाही की हिरमुसत होते. पण ब्लॉक केल्यानंतरचा प्रश्न तसाच आहे. पाळी कोणाची हे कसं ओळखायचं? केन हे पात्र खेळणारे फार छळतात.

प्रतिसाद ३

हा प्रश्न पडला म्हणजे तुम्ही योग्य वाटेवर आहात.

सगळा तक्ता पाठ करायचा नाही. एकच आकडा लक्षात ठेवा: ४. या गेममधले सर्वांत जलद साधे फटके चौथ्या फ्रेमला लागतात. समोरच्याची चाल तुम्ही ब्लॉक केली आणि तो तुमच्यापेक्षा ४ किंवा जास्त फ्रेम्स मागे पडला, म्हणजे तितक्या उशिराने मोकळा झाला, तर हलका गुद्दा त्याला नक्की लागेल, अट एवढीच की तो तुमच्या पल्ल्यात हवा. त्याहून कमी मागे असेल तर फटका लागेलच असं नाही, पण पाळी तुमची. तो पुढे असेल तर तुम्ही थांबायचं.

सुरुवातीला तीनच गोष्टी ओळखा. एक, ब्लॉक झालेलं शोर्युकेन: समोरचा हवेत लोंबकळत असतो, तो खाली येईपर्यंत घाई न करता तुमचा सर्वांत मोठा कॉम्बो लावा. तुमच्या सगळ्या ट्रायल्स इथे कामाला येणार आहेत. दोन, ब्लॉक झालेला स्वीप, म्हणजे खाली बसून मारलेली पाय काढणारी जोराची लाथ. त्यावरही मोकळं मारता येतं. तीन, तुमच्या पात्राविरुद्ध जी चाल सगळ्यात जास्त त्रास देते ती. केनचं नाव घेतलंत, मग ट्रेनिंगमध्ये केनला उभा करा, ती चाल रेकॉर्ड करा, ब्लॉक करा आणि खाली फ्रेम मीटर बघा. कोण किती मागे ते तिथे रंगांत दिसतं. पुढच्या आठवड्यात दुसरी चाल.

रीप्लेसुद्धा असेच बघा. हरलेला सामना उघडायचा आणि लाइफ सर्वांत जास्त कशात गेली एवढंच शोधायचं. रीप्लेमध्येही फ्रेम मीटर आणि दोघांनी दाबलेली बटणं दिसतात.

थ्रो विसरू नका. नुसतं ब्लॉक करून बसणाऱ्याला थ्रो उघडतो, आणि ब्राँझमध्ये ब्लॉक करून बसणारे खूप असतात. दोन फटके ब्लॉक करायला लावा, चालत जा, थ्रो. यात काहीही कमीपणा नाही.

प्रतिसाद ४

मॉडर्नविषयी कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. मी मॉडर्नवरच खेळते. पुढची दिशा आणि स्पेशल बटण, की र्‍यूचं शोर्युकेन निघतं. एका बटणाने काढलेल्या स्पेशल चालीचं नुकसान ८० टक्के होतं आणि काही साधे फटके मिळत नाहीत, हा त्याचा मोबदला. हाताने पूर्ण मोशन केली तर नुकसान पूर्ण मिळतं. पण तुम्हाला मोशन्स जमतात असं दिसतंय आणि अडचण ओळखण्याची आहे, त्यामुळे मला वाटतं क्लासिक सोडू नका. सगळं जमूनही उड्या अडवता येत नसतील तर बदलून बघा.

वयाबद्दल: हांगझोऊच्या आशियाई खेळांत, २०२३ मध्ये, स्ट्रीट फायटर ५ पहिल्यांदा पदकासाठी खेळला गेला. सुवर्ण दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वूने जिंकलं, तेव्हा तो ४४ वर्षांचा होता. भारताचेही दोन खेळाडू तिथे उतरले होते, मयांक प्रजापती आणि अयान बिस्वास. रिफ्लेक्सेस वयाने थोडे कमी होत असतील, पण वरच्या पातळीवरही अंदाज आणि अंतर यांवरच सामने जिंकले जातात.

आणि एक अगदी साधी गोष्ट. वायफायवर खेळत असाल तर लॅन केबल लावा. गेमचं रोलबॅक नेटकोड (ऑनलाइन सामना जुळवून ठेवणारी यंत्रणा) उत्तम आहे, पण वायफाय मधेच अडखळलं की समोरचा जागेवरून उडी मारल्यासारखा दिसतो आणि तुमचा सगळा सराव फुकट जातो. टीव्हीचा गेम मोड चालू आहे ना, तेही बघा. तो बंद असेल तर चित्रच उशिरा दिसतं, मग ‘बोटं हलत नाहीत’ असं वाटणारच.

धागाकर्ती

गेम मोड खरंच बंद होता! लावला, आणि केबलही घेतली. त्यानंतर रोज पंधरा मिनिटं तो रँडम डमी आणि मग सामने, एवढंच करतेय. उड्या आता निम्म्याहून जास्त अडवते. समोरचे थांबून खेळायला लागले आणि हा गेम इतका सुंदर आहे हे मला आत्ता दिसतंय. सिल्व्हरमध्ये पोचले.

आता नवी अडचण: मी नीट खेळत असते आणि अचानक बर्नआउट होतं, ड्राइव्ह गेज रिकामं होतं. कोपऱ्यात तसं झालं की खेळ संपलाच.

प्रतिसाद २

अभिनंदन! ड्राइव्ह गेज, म्हणजे ड्राइव्ह चालींसाठीचा साठा, सहा खणांचा आहे आणि तुम्ही ब्लॉक केलेला प्रत्येक फटका त्यातलं थोडं खातो. ओव्हरड्राइव्ह (जास्त ताकदीच्या) चालीला दोन खण, फटका अर्ध्यात तोडून केलेल्या ड्राइव्ह रशला (पुढे वेगाने धाव) तीन. दोन खण उरले की खर्च बंद, हा नियम सध्या काटेकोर पाळा. समोरून हाडोकेनसारखा फायरबॉल येतोय तिथे ब्लॉकऐवजी पॅरी करा, गेज परत मिळतं. जवळ मात्र पॅरी धरून ठेवू नका, त्यावर थ्रो बसला तर नेहमीपेक्षा जास्त लागतो.

बर्नआउट झालंच तर कोपऱ्यात राहू नका, तिथे ड्राइव्ह इम्पॅक्ट ब्लॉक केला तरी भोवळ येते. आणि त्या वेळी उलट इम्पॅक्टही मारता येत नाही. सुपर (सगळ्यात मोठी खास चाल) शिल्लक असेल तर ती त्या क्षणासाठी राखा, सुपर चिलखत फोडते. नसेल तर इम्पॅक्ट दिसताच उडी. डमीमध्ये हेही रेकॉर्ड करता येतं: ट्रेनिंग सेटिंगमध्ये तुमचं गेज बर्नआउटवर ठेवा, कोपऱ्यात उभ्या राहा, आणि तेच तीन स्लॉट पुन्हा चालवा.