शेकोटीसाठी खड्डा नको

इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जच्या लढाईचं सादरीकरण, म्हणजे त्या काळच्या वेशात ती लढाई पुन्हा उभी करणं, यासाठी मुक्काम करताना तंबूंच्या मधोमध खड्डा खणून चूल मांडावी, म्हणजे वारा लागत नाही, असं एकाने सुचवलंय. वाऱ्याचा मुद्दा बरोबर आहे, पण हे सादरीकरण होतं ते बॅटल ॲबी या जुन्या मठाचं आवार संरक्षित पुरातत्त्वीय स्थळ आहे. तिथे परवानगीशिवाय कुदळ मारता येत नाही. शेकोटी पायांच्या लोखंडी शेगडीत, गवतापासून उंच पेटवायची, आणि शेजारी बादली कायम भरलेली हवी. थंडी वाजते म्हणून धुमसती शेगडी तंबूत मात्र कृपा करून कुणीही नेऊ नका. पावसात भिजलेलं कापड हवा फारशी खेळू देत नाही आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. नवीन स्वयंसेवकांना हे पहिल्याच संध्याकाळी बजावून सांगायला हवं.

लढाई १४ ऑक्टोबर १०६६ची, त्यामुळे सादरीकरणही ऑक्टोबरातच असतं. सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दव पडायला लागतं. तिथे थंडीपेक्षा जमिनीची ओल जास्त छळते, म्हणून पांघरुणं वाढवण्याआधी अंथरूण जाड करा: खाली ताडपत्री, त्यावर पेंढा, त्यावर लोकरी घोंगडी. स्लीपिंग बॅग वापरायला काहीच हरकत नाही, फक्त प्रेक्षक यायच्या आत ती घोंगडीखाली गेली पाहिजे. आणि पावसात सामान तंबूच्या कापडाला टेकवून ठेवू नका, नेमकं तिथूनच पाणी झिरपतं.