सातवं सेमिस्टर जर्मनीत केलं तर डिग्रीची एनबीए मान्यता जाते का?

समुद्रकाठची_सिव्हिल (रत्नागिरी)

नमस्कार. मी टीई सिव्हिलला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला आहे, जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात. आमच्या कॉलेजचा जर्मनीतल्या एका युनिव्हर्सिटीशी करार झालाय आणि सातव्या सेमिस्टरला दोघांना पाठवणार आहेत, त्यात माझं नाव आलंय. तिकडे कोस्टल इंजिनिअरिंग हा विषय आहे आणि लॅबमध्ये लाटा तयार करायचा लांबलचक हौद आहे, त्यात बंधाऱ्याचं मॉडेल ठेवून टेस्ट करतात. आमचं घर समुद्राला लागूनच. वाडीसमोर धूपप्रतिबंधक बंधारा घातलाय, गेल्या पावसात उधाणाला त्याचे दगड सरकून खाली आले, मागची वाळू गेली आणि आजीने लावलेले दोन माड मुळासकट आडवे झाले. लहानपणापासून बघतेय, दगड टाकतात आणि समुद्र घेऊन जातो. हे नक्की कशाने होतं ते मला शिकायचंय, म्हणून जायचंय.

आता अडचण अशी की एक सीनियर म्हणाला इंजिनिअरिंग डिग्र्यांच्या आंतरराष्ट्रीय करारात, म्हणजे जर्मनी वॉशिंग्टन अ‍ॅकॉर्डमध्ये नाही, त्यामुळे तिकडचं सेमिस्टर नॉन-अ‍ॅक्रेडिटेड धरतील आणि पुढे परदेशात नोकरीला वगैरे तुझी डिग्री चालणार नाही. एक्झाम सेक्शनला विचारलं तर म्हणतात आधी जाऊन ये, मग बघू. बाबा म्हणतात पैशाचं मी बघतो पण वर्ष फुकट जाता नये. कोणाला नक्की माहीत असेल तर प्लीज सांगा, होकार कळवायला पंधरा दिवसच आहेत.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

मी दोन वर्षांपूर्वी जाऊन आलोय, जर्मनीलाच. कॉलेज कोकणातलंच, नाव राहू दे. मला पण "आधी जा, मग बघू" असंच सांगितलं होतं आणि मी गेलो. अभ्यास छान झाला, एका विषयात १.७ मिळाले. तिकडे १.० सगळ्यात वरचा ग्रेड, ४.० पर्यंत पास, ५.० म्हणजे नापास, त्यामुळे १.७ म्हणजे खूपच चांगले. परत आलो, ट्रान्सक्रिप्ट जमा केलं आणि महिन्याभराने ऑनलाईन मार्कलिस्ट बघतो तर त्या विषयासमोर ग्रेड पॉइंट १.७, दहापैकी, शेरा नापास. क्लार्क मॅडमची तरी काय चूक, त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये दहाच्या स्केलचाच रकाना, समोरच्या कागदावर जो आकडा दिसला तो भरला. पण ते निस्तरायला पाच महिने गेले, दर खेपेला नवीन कागद मागायचे. मधे एका कंपनीचा कॅम्पस होता, चालू बॅकलॉग नको अशी अट होती आणि माझ्या नावावर बॅकलॉग दिसत होता, मला बसूच दिलं नाही. ते अजून लागतं मनाला.

दुसरी गोष्ट, तिकडे गेल्यावर कळलं की मी निवडलेला एक विषय त्या सेमिस्टरला फक्त जर्मनमध्ये शिकवतात. मी सरळ दुसरा घेतला आणि इकडे कोणाला कळवलं नाही. त्याचे क्रेडिट शेवटी मिळालेच नाहीत, तो पेपर इथे परत दिला. लर्निंग अ‍ॅग्रीमेंट म्हणून जो कागद असतो ना, ज्यावर तू, तुझं कॉलेज आणि तिकडची युनिव्हर्सिटी अशा तिघांच्या सह्या असतात, तो तिकडे पोचल्यावर बदलता येतो, पण बदलावर परत तिघांच्या सह्या लागतात. मला हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर. तू जा नक्की, पण ग्रेडचं रूपांतर कसं करणार ते कोष्टक लेखी सही-शिक्क्यासकट हातात असल्याशिवाय विमानात बसू नको.

सावंतवाडीचा_मास्तर

बाळा, घाबरू नको. मी मेकॅनिकलला शिकवतो, आमच्या डिपार्टमेंटचं एनबीएचं काम माझ्याकडे असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एनबीए विद्यार्थ्याला मिळत नाही आणि अख्ख्या कॉलेजलाही मिळत नाही, ते एकेका प्रोग्रॅमला मिळतं. म्हणजे एकाच कॉलेजात सिव्हिलला असेल आणि कॉम्प्युटरला नसेल असं होऊ शकतं. संस्थेला असतं ते नॅक, आणि आपल्याकडे पालक सोडा, कधी कधी स्टाफ पण या दोन्हीत गल्लत करतो. त्यामुळे तू एक सेमिस्टर बाहेर केलंस म्हणून तुझ्या एकटीच्या डिग्रीचं एनबीए जाईल असं काही नसतं. डिग्री तुझं इथलंच विद्यापीठ देणार, प्रोग्रॅम इथलाच, तर अ‍ॅक्रेडिटेशन पण इथलंच बघतात.

आता वॉशिंग्टन अ‍ॅकॉर्ड. १९८९ साली अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि आयर्लंड या सहा देशांच्या मान्यता देणाऱ्या संस्थांनी तो केला, एकमेकांच्या अ‍ॅक्रेडिटेड इंजिनिअरिंग डिग्र्या साधारण समान धरायचा. भारत एनबीएमार्फत १३ जून २०१४ ला त्याचा कायम सदस्य झाला. जर्मनी त्यात नाही हे तुझ्या सीनियरचं बरोबर आहे, पण तुझी डिग्री जर्मनीची नसणारच आहे, मग जर्मनीचा तिथे संबंध काय? खरा प्रश्न त्याने विचारलाच नाही. एनबीएत टियर-१ आणि टियर-२ असे दोन प्रकार आहेत, ऑटोनॉमस म्हणजे स्वायत्त संस्था आणि विद्यापीठांचे स्वतःचे विभाग टियर-१ मध्ये, विद्यापीठाला संलग्न म्हणजे अ‍ॅफिलिएटेड कॉलेजं टियर-२ मध्ये, आणि अ‍ॅकॉर्डचा फायदा फक्त टियर-१ ला आहे. एनबीएच्या वेबसाईटवर कॉलेजचं नाव टाकून बघ, सिव्हिलपुढे कुठला टियर आणि मुदत कधीपर्यंत ते दिसेल. मुदत बघच, कारण तू ज्या वर्षी पास होणार त्या वर्षी ती चालू असायला हवी.

मग अडतं कुठे, तर इक्विव्हॅलन्सला, म्हणजे समकक्षतेला. एनबीएची समिती येते तेव्हा आम्हाला दाखवावं लागतं की प्रत्येक विषयातून मुलांना काय यायला हवं होतं आणि ते आलं का, ते सीओ-पीओचं, म्हणजे विषयाच्या आणि प्रोग्रॅमच्या उद्दिष्टांचं सगळं मॅपिंग. बाहेर केलेला विषय कुठल्या विषयाच्या जागी धरला, कोणी ठरवलं, कशाच्या आधारावर, एवढं फाईलला असलं की समितीला उत्तर देता येतं. नसलं की एक्झाम सेक्शन हात वर करतं आणि मूल मधल्या मधे लटकतं. तुमचं कॉलेज ऑटोनॉमस असेल तर त्यांची अ‍ॅकॅडमिक काउन्सिल हे ठरवू शकते. अ‍ॅफिलिएटेड असेल तर सिलॅबस विद्यापीठाचा, प्रिन्सिपल एकटे समकक्षता देऊ शकत नाहीत, फाईल विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाकडे जाणार, आणि कोकणातून तिकडे कागद जाऊन परत येईपर्यंत किती दिवस जातात ते तुला ठाऊक आहे. म्हणून फाईल आत्ता हलायला हवी, परत आल्यावर नाही.

फाईलमध्ये काय तर तिकडच्या युनिव्हर्सिटीचं मॉड्युल हँडबुक काढ, त्यात प्रत्येक विषयाचे तास, काय शिकणार, परीक्षा तोंडी की लेखी, सगळं असतं. ते आपल्या सिलॅबसच्या शेजारी ठेवून एकेक युनिट जुळवायचं. क्रेडिटचं गणित असं की युरोपात वर्षाला ६० ईसीटीएस (तिकडचे क्रेडिट), म्हणजे सेमिस्टरला ३०. एआयसीटीईच्या मॉडेल करिक्युलममध्ये बीटेकला आठ सेमिस्टरचे १६० क्रेडिट, म्हणजे सेमिस्टरला सरासरी २०. दीड ईसीटीएसला आपला एक क्रेडिट असा हिशोब पडतो. तिकडचा ६ ईसीटीएसचा विषय म्हणजे घरचा अभ्यास धरून साधारण १८० तास, त्यात वर्गातले समज ६०. आपल्याकडे आठवड्याला एक तास लेक्चर म्हणजे एक क्रेडिट, पंधरा आठवडे धरले तर ६० तासांचे चार. दोन्हीकडून चारच येतात, हे फाईलमध्ये मांडून दाखव, कोणी वाद घालणार नाही. कोणी म्हणेल परदेशी क्रेडिटला ३० टक्क्यांची मर्यादा आहे, तर ती यूजीसीच्या २०२२ च्या नियमात ट्विनिंग प्रोग्रॅमसाठी आहे, आणि तुझे १६० पैकी २० म्हणजे साडेबाराच टक्के होतात. आणि अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे विद्यार्थ्याचे क्रेडिट जमा होतात त्या ऑनलाईन खात्यात, आपले आपण क्रेडिट भरता येत नाहीत, संस्थेनेच पाठवावे लागतात, तेव्हा तेही कॉलेजकडून लिहून घे.

एक माझं मत. तिकडे इलेक्टिव्ह आणि ओपन इलेक्टिव्ह जास्तीत जास्त कर. कोअर डिझाईनचा विषय आणि फायनल इयर प्रोजेक्ट इथल्या गाइडकडे ठेव, कारण समिती प्रोजेक्टचा रिपोर्ट काढून बारकाईने बघते.

समुद्रकाठची_सिव्हिल

सर, खूप खूप आभार, आणि चिपळूणच्या दादाचे पण. वेबसाईटवर बघितलं. आमचं सिव्हिल टियर-२ आहे, कॉलेज अ‍ॅफिलिएटेड. म्हणजे मी जर्मनीला गेले काय नि नाही गेले काय, वॉशिंग्टन अ‍ॅकॉर्ड आम्हाला लागूच नव्हता. तीन वर्षांत हे आम्हाला कोणी सांगितलं नाही, अ‍ॅडमिशन घेताना "एनबीए आहे" एवढंच सांगितलं होतं, वाचून जरा वाईट वाटलं. म्हणजे आता बाहेरचं दारच बंद का?

आणि तारखांचं पण आहे. तिकडची लेक्चर्स ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, परीक्षा त्याच्यानंतर. इथे आठवं सेमिस्टर जानेवारीत चालू होतं. दीड-दोन महिन्यांच्या हजेरीचं काय करायचं?

देवगडचो_आंबो

गो बाय, दार बिर काय बंद नाय. माझो धाकटो भाव ऑस्ट्रेलियात आसा, सिव्हिलच, आणि त्याचा कॉलेज टियर-२ पण नव्हता, एनबीएच नव्हता.

त्याने काय केलं ते सांगतो. तिकडे इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया म्हणून संस्था आहे, स्थलांतरासाठी इंजिनिअरची पात्रता ती तपासते. अ‍ॅकॉर्डमधली डिग्री असली की काम सोपं, नसली तर सीडीआर करावा लागतो, म्हणजे आपण स्वतः केलेल्या कामाचे तीन एपिसोड लिहायचे, मी काय हिशोब केला, काय निर्णय घेतला, असं. भावाने त्यातला एक कॉलेजच्या प्रोजेक्टवर लिहिला. वेळ लागला, कागद बरेच झाले, पण झालं. तू तिकडच्या लॅबमध्ये काम करशील त्याचे फोटो, रीडिंग, वही सगळं जपून ठेव, उद्या असंच उपयोगी पडेल. आमच्या घरी पहिल्या खेपेला सगळे कागद पावसात भिजले होते म्हणून सांगतो, स्कॅन करून ठेव.

सावंतवाडीचा_मास्तर

देवगडकरांनी बरोबर सांगितलं. अ‍ॅकॉर्डमुळे तसंही थेट लायसन्स मिळत नाही, डिग्री समान धरतात एवढंच, पुढची पात्रता प्रत्येक देशात वेगळी.

तारखांचं दुखणं सगळ्यांना येतं, जर्मनीचं हिवाळी सेमिस्टर आपल्या दोन सेमिस्टरवर पाय टाकून उभं असतं. बऱ्याच ठिकाणी आठव्याला प्रोजेक्ट किंवा इंटर्नशिपच जास्त असते, लेक्चर कमी. तुमच्या स्कीममध्ये तसं असेल तर करारावरच्या कामासाठी फेब्रुवारीअखेरपर्यंत हजेरीची सूट असा अर्ज एचओडींमार्फत आत्ताच दे आणि प्रोजेक्टचा विषय जायच्या आधी नोंदव.

विषय तर तुझ्या घरासमोरच पडलाय. हडसनचा फॉर्म्युला बघ, बंधाऱ्याच्या बाहेरच्या थरातल्या दगडाचं लागणारं वजन लाटेच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे लाट दुप्पट झाली तर दगड दुप्पट नाही, आठपट जड लागतो. लाट दीडपट झाली तरी जवळजवळ साडेतीन पट. उधाणाला आणि वादळाला नेमकं हेच होतं. आणि दुसरं कारण पायथ्याला असतं, खालची वाळू खणली गेली की वरचे दगड चांगले जड असले तरी घसरतात. तुमच्याकडे यातलं काय झालं ते मोजल्याशिवाय कळणार नाही. तिकडच्या हौदात तुझ्या बंधाऱ्याचं मॉडेल ठेवायला मिळालं तर बघच, नाहीतर आपल्याकडे खडकवासल्याला सीडब्ल्यूपीआरएस आहे, १९१६ सालापासूनची संस्था, बंदरं आणि बंधाऱ्यांची मॉडेलं तिथे होतात, एचओडींच्या पत्राने भेट मागा.

समुद्रकाठची_सिव्हिल

आठ दिवसांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा. एचओडी मॅडम मॉड्युल हँडबुक घेऊन दोन तास माझ्याबरोबर बसल्या, एकेक युनिट जुळवलं. पाच विषयांपैकी चार बसले, स्टीलच्या डिझाईनचा नाही बसला, तिकडे युरोपच्या मानकावर, युरोकोडवर शिकवतात आणि आपला भारतीय मानक आयएस ८००. तो मी मे महिन्यात इथेच देणार, तसं अर्जात लिहिलंय. ग्रेडचं कोष्टक प्रिन्सिपल सरांच्या सहीने अभ्यास मंडळाला जाणाऱ्या फाईलला लावलं, मुंबईला जाणारा ऑफिसचा माणूस मांडवी एक्सप्रेसने स्वतः घेऊन गेला आणि पोच आणली. मंजुरीचं पत्र यायचंय, पण होकार कळवायची मुदत तिकडच्या युनिव्हर्सिटीने मेल केल्यावर तीन आठवडे वाढवून दिली. पत्र आलं की बाबांना तिकीट काढायला सांगणार.

सर, काल ओहोटीला बाबा आणि मी टेप घेऊन बंधाऱ्यावर गेलो. सरकून खाली आलेले ४२ दगड मोजले, प्रत्येकाची लांबी, रुंदी, जाडी वहीत लिहिलीय. जांभा नाही, सगळा काळा दगड आहे. वजन काढायला घनता किती धरू?