जुने रॉक अल्बम आणि जुन्या सिरियल्स परत परत : टाइमपास की अजून काही?

रातकिडा
नवीन काही लावण्याआधी माझा हात आपोआप जुन्याकडे जातो आणि मला त्यात काहीच गैर वाटत नाही. पिंक फ्लॉइड या रॉक बँडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) हा अल्बम घ्या, सुरुवातीला हृदयाचे ठोके, शेवटीही तेच, आणि मधली गाणी एकमेकांत अशी मुरलेली की शफलवर (गाण्यांचा क्रम उलटसुलट करून) लावलं की वाट लागते. पुढे काय येणार हे पाठ असतं म्हणूनच कान बेस गिटारकडे जातो, मागे बोलणाऱ्या माणसांकडे जातो. 'ट्वायलाइट झोन' या शेवटी धक्का देणाऱ्या जुन्या अमेरिकन सिरियलचंही तसंच, शेवट माहीत असला की पहिल्या मिनिटापासून काय पेरलंय ते दिसतं. पटतंय का?

झटपट
नाही पटत. याच बँडने तेव्हा नाण्यांचे, गल्ल्याचे आवाज टेपचे तुकडे जोडून लूप केले, तोच तुकडा परत परत वाजेल असे, म्हणजे नवीन काहीतरी करून बघितलं ना? तेव्हाचे लोक वीस वर्षांपूर्वीचंच ऐकत बसले असते तर? आज असं काही करणाऱ्यांना ऐकणार कोण? आणि जुन्या सिरियल्समध्ये भरताड किती, 'स्टार ट्रेक' या अंतराळातल्या सिरियलच्या तिसऱ्या सीझनला फॅन्सपण नावं ठेवतात.

टेपवाला
'परत कोण बघणार' याच विचाराने बीबीसीने 'डॉक्टर हू' या आपल्या सायन्स फिक्शन सिरियलचे साठच्या दशकातले कितीतरी एपिसोड पुसून टेप परत वापरल्या. हरवलेल्यांचा आज आवाज तरी आहे तो प्रेक्षकांनी घरी रेकॉर्ड करून ठेवला म्हणून! आणि आत्ता जे मिळतं तेही धड मूळ नाही, 'साइनफेल्ड' ही नव्वदीतली विनोदी सिरियल स्ट्रीमिंगवर आली तेव्हा रुंद स्क्रीनसाठी फ्रेम वरून-खालून कापली, खड्ड्यावरच्या एपिसोडमध्ये खड्डाच गायब. म्हणून म्हणतो बघा, पण जुनं प्रिंट शोधून बघा.

झटपट
जपायला माझा विरोध नाहीये. रोज रात्री तेच तेच लावण्याला आहे. नवीन अल्बम पहिल्यांदा ऐकताना परका वाटतोच, तिसऱ्यांदा ऐकल्याशिवाय कळत नाही, आणि तेवढा वेळ आपण त्याला देतच नाही.

रातकिडा
हा मुद्दा बरोबर आहे, तिसऱ्या वेळेचा. पण परत ऐकण्यातच मजा असते हेच तर मी म्हणतोय, तू ते फक्त नव्याला लावतोयस. रटाळ एपिसोड मी खुशाल सोडतो. तू एक नवा अल्बम सुचव, तीनदा ऐकतो, पण सलग ऐकण्यासारखा सांग, दोन गाणी चांगली आणि बाकी नुसती भरती असला नको.